मावशीने कानाने निवडलेला मदरबोर्ड

"न वाजणारा प्रोसेसर आहे का तुमच्याकडे?" मावशीने फोनवर विचारलं, तेव्हा पलीकडच्या दुकानदाराने तिला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाला, "ताई, प्रोसेसर वाजत नसतो." मावशीने थंड आवाजात "आभारी आहे" म्हटलं आणि फोन ठेवला. "याला काही कळत नाही," ती मला म्हणाली. "पुढचा नंबर सांग."

मी तिची भाची. शाळेत शिकवते आणि सुटीच्या दिवशी तिच्याकडे जाते. नाही गेले तर तिचा फोन येतो, आणि तिच्या फोनला "नंतर बोलू" म्हणायची आमच्या खानदानात कुणाची टाप नाही. मावशीची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली. कानावर हेडफोन, समोर तारांचं जंजाळ आणि ओठांवर कायम तोच ठेवणीतला आवाज. पुढे एक्सचेंज आपोआप चालायला लागलं. मग तिला चौकशीच्या फोनवर बसवलं, तिथून तक्रारींच्या फोनवर, आणि शेवटी तिथेही रेकॉर्ड केलेली बाई बोलायला लागली. "माझ्याहून वाईट बोलते," एवढंच म्हणून मावशी निवृत्त झाली.

कानाचा तिला फार तोरा. कोण खोटं बोलतंय, कोण आत्ताच रडून उठलंय, कोण तोंडात घास ठेवून बोलतोय, हे तिला फोनवरच कळतं, आणि कळलं की ती ते तोंडावर सांगते. काकांना, म्हणजे तिच्या यजमानांना, ऐकू कमी येतं. ते कानात मशीन घालतात आणि मावशी बोलायला लागली की बरेचदा काढून ठेवतात. "यांच्या कानात जन्मजात कापूस," असं ती चारचौघांत म्हणते आणि काका हसतात. ऐकू आलं म्हणून हसतात की नाही आलं म्हणून, ते मला आजतागायत समजलेलं नाही.

निवृत्तीनंतर ती नुसती घरात फिरत राहायची. काकांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायची, ते पेंगायचे. मग एका संस्थेची माहिती मिळाली. ही माणसं पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी आणि ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठीही. मावशीने फोनवर दोन पानं वाचून पाठवली. तिथल्या संपादक बाईंना आवाज इतका आवडला की त्यांनी एक जाडजूड कादंबरीच देऊ केली. त्या दिवशी मावशी मला फोनवर म्हणाली, "अगं, कुणीतरी मला पुन्हा बोल म्हणालं." एवढी हळवी मावशी मी पाहिली नव्हती.

रेकॉर्डिंग घरीच करायचं होतं. मावशीने कपड्यांचं कपाट रिकामं न करता त्यातच स्टूल घातलं, कारण लटकवलेल्या कपड्यांनी आवाज घुमत नाही, असं संपादक बाईंनी सांगितलं होतं. एका बाजूला काकांचे कोट, दुसऱ्या बाजूला तिच्या शाली, मध्ये मावशी, मांडीवर पुस्तक आणि नाकासमोर माइक. ती वाचायला बसली की काकांनी पायात मोजे घालून चालायचं, भांडं वाजवायचं नाही आणि शिंक आली तर अंगणात जायचं. एवढं करूनही पहिलं प्रकरण परत आलं. आवाज उत्तम, पण मागे घरघर आहे, असं कळवलं होतं. घरघर होती माझ्या मावसभावाने टाकून दिलेल्या लॅपटॉपची. त्याचा पंखा असा सुटायचा की जणू आता उडून जाईल. संपादक बाईंनी गोड शब्दांत सांगितलं होतं की महिनाअखेरपर्यंत स्वच्छ प्रकरण आलं नाही, तर पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे जाईल.

बस, तेव्हापासून मावशीचा जीव टांगणीला लागला आणि तिने माझाही लावला. तयार कॉम्प्युटर तिने दुकानादुकानांत जाऊन ऐकले. हो, ऐकलेच, पाहिले नाहीत. स्वस्तातले सगळे घुरघुरत होते आणि जे शांत होते ते आपल्यासाठी नव्हते. म्हणून ठरलं की सुटे भाग घेऊन घरीच जोडायचा.

मी इंटरनेटवर वाचून तिला समजावलं. प्रोसेसर हे डोकं. डोकं जितकं चालणार तितकं तापणार, आणि तापलं की पंखा जोरात फिरणार. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर सगळे येऊन बसतात ती फळी. पण कुठलाही प्रोसेसर कुठल्याही बोर्डावर बसत नाही, खाचा जुळाव्या लागतात, आणि चुकीची जोडी आणली तर दोन्ही डब्यांत पडून राहणार. हे शेवटचं मी सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी माझा तास चालू असताना तिचा फोन आला. "अगं, दोन प्रोसेसर आहेत. एक जास्त तगडा आहे, पण म्हणे तापतो. दुसरा बेताचा आहे, पण थंड राहतो. पटकन सांग." मी म्हटलं, मुलं समोर बसली आहेत. ती म्हणाली, "मग त्यांना विचार."

आमचं अखेर बेताच्यावर ठरलं. तिला फक्त वाचायचं होतं, विमान उडवायचं नव्हतं. शिवाय पडद्यावर चित्र दाखवायची सोय त्याच प्रोसेसरच्या पोटात होती, म्हणजे त्यासाठी वेगळं कार्ड नको आणि त्या कार्डाचा वेगळा पंखाही नको. पण ठरलं तरी तिची धाकधूक जाईना. बेताचा म्हणजे मध्येच अडकला तर? दोन वर्षांनी बोर्डावर मोठा बसवता येईल ना? आणि बसवता येईल असं म्हणणारा खरं बोलतोय ना? तिने गावातल्या झाडून साऱ्या दुकानांना फोन लावले आणि आवाजावरून दुकानदार निवडला. "हा एकटाच 'माहीत नाही' म्हणाला," ती म्हणाली. "आणि म्हणताना अडखळला नाही." मला वाटलं, या पद्धतीने मी नवरा शोधला असता तर बरं झालं असतं.

दुकान अरुंद होतं आणि रस्त्याला अगदी चिकटून. दुकानदार साधारण माझ्याच वयाचा, बोटांना चिकटपट्ट्या लावलेला. प्रोसेसर त्याने लगेच काढला. बोर्डावर मात्र गाडी अडली, कारण त्या प्रोसेसरला चालणारे तीन बोर्ड होते, तिन्ही कमी किमतीचे, आणि त्याच्या मते तिन्ही सारखेच. मावशी म्हणाली, "सारखे कसे असतील? मला ऐकवा."

"ऐकवू म्हणजे?"

"म्हणजे चालू करून दाखवा. एकेक."

इतक्या वर्षांत त्याच्याकडे मदरबोर्ड ऐकायला कुणी आलं नसावं. पण मावशीचा तो आवाज लागला की माणसं कामाला लागतात. त्याने काउंटरवर बोर्ड उघडाच मांडला, प्रोसेसर बसवला, वर पंखा लावला. मावशीने दुकानातला पंखा बंद करवला, दार लोटून घेतलं आणि मला बाहेर उभं केलं, कुणी आत येऊ नये म्हणून. मी रस्त्यावर उभी राहून एका स्कूटरवाल्याला "जरा पुढे लावा" म्हणून हुसकावत होते आणि काचेतून पाहत होते. मावशी डोळे मिटून बोर्डावर वाकली होती. दुकानदार श्वास रोखून उभा होता, तिसऱ्या बोर्डाच्या वेळी तर त्याने खिशातला मोबाइलही बंद केला.

ती बाहेर आली ती लग्न ठरल्यासारखी. "पहिला घुमतो, दुसरा गुरगुरतो. तिसरा बघ, अगदी मुका आहे गं!"

जोडायच्या दिवसांत माझ्या शाळेत परीक्षा होत्या, मला जाता आलं नाही. तिने आणि काकांनीच तो जोडला. स्क्रू काकांनी पिळले, प्रोसेसर मावशीने बसवला. बसवताना कड दाबली की कर्र असा आवाज होतो, तो मी आधी सांगितला नव्हता. तो झाला तेव्हा तिला वाटलं, मोडला. ती तशीच खाली बसली, पाणी प्यायली, मला फोन करून रडवेल्या आवाजात म्हणाली, "मी मारला त्याला." पण तो जिवंत होता. पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मग तिने फोन कॉम्प्युटरच्या डब्याशी नेला. "ऐक. ऐकतेस? काही नाही! काहीच नाही!" फोनवर मलाही काही ऐकू आलं नाही. मी तिला मनापासून शाबासकी दिली.

प्रकरण पुन्हा वाचून झालं, गेलं, आणि परत आलं. घरघर पूर्ण गेली आहे, पण आता मागे एक बारीक शिट्टी आहे, सगळीकडे, सतत. सोमवारी शेवटचं बघू, असं संपादक बाईंनी लिहिलं होतं.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. आणि मग ती भडकली. आधी संपादक बाईंवर, कारण त्यांचेच हेडफोन खराब असणार. मग फ्रिजवर, तो बंद केला, दूध नासलं. मग बल्बवर, ते काढले. शेजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचा टीव्ही बंद आहे का ते पाहून आली. शेवटी संशय काकांच्या कानातल्या मशीनवर गेला. ती मशीनं कधीकधी शिट्टी मारतात हे खरं. तिने काकांना मशीनसकट बागेच्या कोपऱ्यात बाकावर बसवलं आणि पुन्हा वाचलं. पाठवायच्या आधी स्वतः तीन-तीनदा ऐकलं आणि मला फोन केला. "कुठाय शिट्टी? मला एक सेकंद दाखवून दे. या लोकांना मला घ्यायचंच नाहीये, दुसरं काय!" मी म्हटलं, "थांब, पाठवू नकोस. शनिवारी मी येते."

शनिवारी गेले. काका बागेतच होते, हात हलवला. आत गेले, कपाटाशी उभी राहिले. मावशीने कॉम्प्युटर चालू केला.

आणि मला शिट्टी ऐकू आली.

अगदी बारीक, डासाहूनही बारीक, पण एकदा ऐकू आल्यावर दुसरं काही ऐकू येईना. शेवटच्या बाकावरचा मोबाइल दप्तरात थरथरला तरी मला कळतो, माझा तो धंदाच आहे. मी वाकले. डब्यातून येत होती. झाकण काढलं, कान नेला. मदरबोर्डावर, प्रोसेसरच्या अगदी शेजारून. मी मान वर केली. मावशी माझ्याकडे पाहत उभी होती, कपाळाला आठ्या, जरा विजयी.

"बघितलंस? काही आहे का? काही नाही."

खोटं बोलावं असं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण खोटं बोलले तर सोमवारी पुस्तक जाणार होतं, आणि शिवाय तिला आवाजावरून कळलंच असतं.

"मावशी, ही शिट्टी तुला येत नाही ऐकू?"

"कसली शिट्टी?"

"ही. आत्ता चालू आहे."

तिने कान डब्याशी नेला. डोळे मिटले. मी पाहत राहिले. ती ऐकत होती, पूर्ण जीव लावून ऐकत होती, दुकानात ऐकलं होतं तशीच. मग तिने दुसरा कान लावला.

"बंद कर," ती म्हणाली. मी बंद केला. "गेली?" "गेली." "लाव." लावला. "आली?" "आली." मग ती म्हणाली, "आता मी पाठ फिरवते. तू लाव किंवा नको लावू. मी सांगते." तिने पाठ फिरवली. मी लावला. ती म्हणाली, "बंद आहे." तिने वळून डब्याचा लाल दिवा पाहिला आणि स्टुलावर बसली, काकांच्या कोटांमध्ये.

मी इंटरनेटवर वाचलेलं सांगितलं, की वय झालं की वरचे, बारीक आवाज आधी जातात, खालचे राहतात, माणसाला पत्ताही लागत नाही, सगळ्यांचंच होतं. म्हणूनच तर तिला घुमणं आणि गुरगुरणं ऐकू आलं आणि नेमकं हेच नाही. बोलताना मला कळत होतं की मी फार बोलतेय. तिने हात वर केला, मी थांबले. काका तेवढ्यात दारात आले होते. काय झालं ते त्यांनी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. "आलीस का माझ्या पार्टीत?" ते म्हणाले. मला वाटलं आता ती त्यांना फाडून खाणार. तिने नुसतं "हो" म्हटलं.

दुपारी आम्ही बोर्ड काढून दुकानाकडे निघालो. रिक्षात मी तिला पढवलं. "सांग की घरी नेल्यावर वाजायला लागला. बदलून देईल. दुकानात तू ऐकला होतास हे काढूच नकोस." ती बाहेर बघत होती. मला वाटलं, कबूल आहे. मला भीती वाटत होती ती त्या माणसाची. तो म्हणाला असता, "बाई, तुम्हीच पसंत केलात, तुमच्याच कानांनी," तर त्याचं काहीच चुकलं नसतं, आणि मावशीला ते ऐकावं लागलं असतं.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मावशी ती जायची वाट न पाहता काउंटरशी गेली आणि बोर्डाचा डबा पुढे ठेवला.

"याला शिट्टी आहे. पहिल्यापासूनच असणार. मला ऐकू येत नाही," ती म्हणाली, त्याच ठेवणीतल्या आवाजात, शब्दन् शब्द स्वच्छ. "म्हणजे माझ्या कानांना ती येत नाही. तुमची चूक नाही. बदलून देणार असाल तर उरलेले दोन माझ्या भाचीला ऐकवा."

गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली. माझेच कान तापले. दुकानदार डबा हातात घेऊन म्हणाला, "ताई, मलाही नाही आली ऐकू. पंख्यांत राहून राहून माझे कान गेलेत कधीचे." मग त्याने स्वतःच दार लोटलं.

या वेळी मी आत होते आणि मावशीही. त्याने पहिला बोर्ड लावला. मी वाकले. मला इतकी भीती कुठल्या परीक्षेत वाटली नव्हती. समजा मलाही काही ऐकू येत नसलं तर? समजा मी हो म्हटलं आणि सोमवारी पुन्हा परत आलं तर? पहिल्यात पंख्याचा घुमारा होता, बाकी काही नव्हतं. दुसऱ्यात बारीक काहीतरी होतं, की नव्हतं? मी परत पहिल्याकडे गेले. मान वर केली, तर मावशी बोर्डाकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती, काका तिच्या ओठांकडे बघतात तशी.

"हा," मी म्हणाले. "पहिला. याचा पंखा जरा हळू केला की झालं."

दुकानदाराने तिथेच प्रोसेसर त्यावर बसवून दिला, पंख्याचा वेग कमी केला आणि त्या कामाचे वेगळे पैसे घेतले नाहीत. रविवारी मावशीने प्रकरण वाचलं. मी कपाटाबाहेर जमिनीवर बसून होते, काका बागेत. पाठवायच्या आधी तिने मला सगळं ऐकायला लावलं, आणि मधल्या मोकळ्या जागा तर दोनदोनदा.

सोमवारी शाळा सुटल्यावर सरळ तिच्याकडे गेले. दार काकांनी उघडलं, चेहरा फुललेला. "पास!" ते जोरात म्हणाले. संपादक बाईंनी कळवलं होतं की पार्श्वभूमी एकदम स्वच्छ आहे, पुस्तक तुमचंच, दुसरं प्रकरण सुरू करा. मी धावतच आत गेले. मावशी कपाटात स्टुलावर बसली होती, पुस्तक मांडीवर उघडं, माइक समोर. पण कॉम्प्युटर बंद होता.

"अगं, अभिनंदन! सुरू कर ना आता."

"करते." तिने पानावरून हात फिरवला. "मला एक सांग. तू खरं सांगशील."

"काय?"

"त्या बाई म्हणतात आवाज उत्तम आहे. मी ऐकते तेव्हा मलाही बरा वाटतो. पण मला जे ऐकू येत नाही, ते माझ्या आवाजातही असेलच की. वरवरचं काहीतरी, कापरं, म्हातारं. तुम्हाला सगळ्यांना येत असेल आणि मलाच नसेल." तिचा तो ठेवणीतला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "इतकी वर्षं मी बोलतेय. मला येतो तसाच तुम्हाला येतो का गं तो?"

तिला तिचा आवाज कसा ऐकू येतो, ते मला कसं कळणार? मी काकांचे दोन कोट बाजूला सारले, आत शिरले आणि तिच्या पायाशी बसले.

"वाच," मी म्हणाले. "मी ऐकते आणि मला येतं ते सगळं सांगते."

तिने घसा साफ केला आणि दुसरं प्रकरण उघडलं.